प्रेस शॉपमधील पहिली नोकरी : हात शाबूत ठेवून काम कसे शिकावे

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर किंवा शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारे किंवा वाकवणारे यंत्र, रोजच्या वापरात असते. बारावी किंवा आयटीआय संपवून गावाकडून आलेली मुले-मुली पहिल्यांदा शॉप फ्लोअरवर उभी राहतात, तेव्हा हेल्पर म्हणून अनेकदा त्यांना याच यंत्रासमोर उभे केले जाते, कारण पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, ठेवणे, बटण दाबणे आणि तयार जॉब, म्हणजे बनलेला भाग, बाहेर काढणे हे काम पाहणाऱ्याला पाच मिनिटांत समजल्यासारखे वाटते. या यंत्रावर हात आणि डाय यांच्यात वीतभरही अंतर राहत नाही, आणि म्हणून बोटे तुटण्याचे अपघात येथे वारंवार घडतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार, पंचवीस वर्षांवरील कामगारांच्या तुलनेत तरुण कामगारांना प्राणघातक नसलेल्या दुखापती होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जास्त असते. ‘आजकालची मुले लक्ष देत नाहीत’ असे त्याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, पण ते मला पटत नाही. नवा कामगार यंत्र ओळखत नसतो, विचारायला संकोचतो, नोकरी टिकावी म्हणून कोणत्याही कामाला होकार देतो आणि पुष्कळदा त्याला शिकवायला कोणी नेमलेलेच नसते, ही खरी कारणे आहेत. त्यामुळे यंत्र सुरू करायला शिकण्याच्या आधी ते थांबवायला शिकणे, आणि डायमध्ये हात न घालता काम कसे होईल हे पहिल्याच दिवशी विचारणे, या दोन गोष्टींभोवती पुढील सर्व सूचना मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आपण कोण म्हणून कामाला लागलो, हे कागदावर पाहा

गेटमधून आत जाणारे सगळे एकाच रंगाचा गणवेश घालत असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांतील काही कंपनीचे कामगार असतात, काही ठेकेदाराचे आणि काही अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार. अपघात झाल्यावर उपचाराचा खर्च कोण करणार आणि भरपाई कोण देणार, हे या फरकावर ठरते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी नियुक्तीपत्र मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्यावर मालकाचे किंवा ठेकेदाराचे नाव, कामाचे स्वरूप, वेतन आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी. ‘ट्रेनी’ असा मोघम शब्द लिहिला असेल, तर आपली नोंदणी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली झाली आहे का, करारनामा झाला आहे का, हे विचारा. करारनामा नसलेला आणि दिवसभर उत्पादनाचे काम करणारा ट्रेनी हा बहुधा नावापुरताच ट्रेनी असतो.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यातील कामगाराला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. आपला दहा अंकी विमा क्रमांक रुजू होतानाच मागा, तो मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि घरच्या एका माणसालाही पाठवून ठेवा. ‘तीन महिने झाले की कार्ड काढू’ हे उत्तर मान्य करू नका. कामावरील दुखापतीच्या लाभासाठी अमुक इतके दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी झालेल्या दुखापतीलाही संरक्षण आहे. मात्र अपघातानंतर घाईघाईने केलेल्या नोंदणीतून वाद निर्माण होतात आणि ते निस्तरण्याचा त्रास जखमी माणसालाच होतो. अप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी झालेल्यांना ईएसआय लागू नसतो, पण काम करताना त्यांना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी त्या कायद्यानेच मालकावर टाकलेली आहे, आणि कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यांना इतर कामगारांसारख्याच लागू होतात.

वयाबाबतही खरे तेच सांगा. अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मनाई आहे. दुसऱ्याचे आधार कार्ड दाखवून कामाला लागलेल्या मुलाला उद्या इजा झाली, तर आपण तेथे काम करत होतो हेच त्याला सिद्ध करता येत नाही.

दुसरी पायरी : पहिल्या दिवशी तीन जागा पायांनी शोधा

बहुतेक कारखान्यांत रुजू होताना सुरक्षिततेविषयी थोडी माहिती दिली जाते आणि एका नोंदवहीत सही घेतली जाते. प्रशिक्षण झालेले नसताना ते झाल्याची सही करू नका. ‘सर, अजून मशीनचे दाखवायचे राहिले आहे, ते झाले की करतो’ एवढे नम्रपणे सांगता येते. आपल्या कामातील धोक्यांची माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात कामगारांचे हे हक्क स्पष्टपणे लिहिले गेले आणि नव्या संहितेतही ते कायम आहेत.

त्यानंतर आपल्या कामाच्या जागेपासून तीन ठिकाणी प्रत्यक्ष चालत जाऊन या. पहिले ठिकाण म्हणजे आपल्या यंत्राचा मुख्य विद्युत स्विच, दुसरे प्रथमोपचार पेटी आणि तिसरे संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा. पेटी उघडून पाहा, कारण कित्येक ठिकाणी पेटी भिंतीवर असते आणि किल्ली शिफ्ट संपवून घरी गेलेल्या माणसाच्या खिशात असते. दरवाजासमोर बिन किंवा पॅलेट रचलेले असतील, तर ते त्याच दिवशी सुपरवायझरच्या नजरेस आणा. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस प्रत्येक शिफ्टमध्ये कोण आहे, हेही विचारून ठेवा.

सेफ्टी शूज, गॉगल, इअर प्लग आणि हातमोजे मालकाने विनामूल्य द्यायचे असतात. सुरक्षिततेसाठी पुरवलेल्या वस्तूंचे किंवा वैद्यकीय तपासणीचे पैसे कामगाराकडून घेण्यास संहितेने मनाई केली आहे. त्यामुळे पहिल्या पगारातून बुटांचे पैसे कापणारा ठेकेदार नियमभंग करत असतो. बूट आपल्याच मापाचा मागा. मोठ्या बुटात पाय घसरतो, आणि तोल गेला की हात आपोआप सर्वांत जवळच्या वस्तूकडे जातो. प्रेस शॉपमध्ये ती वस्तू बहुधा यंत्रच असते.

तिसरी पायरी : समोरची प्रेस कोणत्या जातीची आहे, ते ओळखा

हा भाग सावकाश वाचावा, कारण बोटे वाचतात ती मुख्यतः या माहितीमुळे. यांत्रिक पॉवर प्रेसमध्ये मोटर एक जड चाक फिरवत असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. क्लच जोडला गेला की त्या चाकाची ताकद रॅमला, म्हणजे वर-खाली होणाऱ्या जड भागाला, मिळते, रॅम खाली येतो, त्याला लावलेला पंच डायमध्ये शिरतो आणि पत्रा कापला किंवा वाकवला जातो. हा क्लच दोन प्रकारचा असतो, आणि तुमच्या समोरच्या यंत्राला कोणता आहे हे सेटरला, म्हणजे डाय बसवून यंत्र जुळवणाऱ्या माणसाला, विचारल्याशिवाय त्यावर उभे राहू नका.

जुन्या आणि लहान प्रेसना पिन किंवा की क्लच असतो. पायाचे पेडल दाबले की पिन अडकते आणि एकदा अडकल्यावर रॅमची पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो थांबत नाही. मध्येच आपत्कालीन बटण दाबले तरी रॅम खाली यायचा तो येतोच. म्हणून अशा प्रेसवर समोर प्रकाशकिरणांचा सेन्सर, म्हणजे लाइट कर्टन, बसवलेला असला तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही: सेन्सरला हात दिसतो, परंतु खाली येणाऱ्या रॅमला थांबवण्याची सोय यंत्रातच नसते. अशा प्रेसवर डायभोवती पक्के बसवलेले, बोट आत जाणार नाही एवढ्याच फटी असलेले गार्ड हेच खरे संरक्षण आहे. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसमध्ये रॅम मध्येच थांबवता येतो. तेथे लाइट कर्टन आणि दोन हातांची बटणे उपयोगी पडतात, अर्थात ब्रेक नीट असेल तरच.

मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली, हा नव्या माणसाचा नेहमीचा गैरसमज असतो. वीज गेल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि त्याच्यात एक स्ट्रोक मारण्याइतकी ताकद शिल्लक असते. पिन क्लचच्या प्रेसवर अशा वेळी पेडलवर चुकून पाय पडला, तर मोटर बंद असूनही रॅम खाली येतो. चाक पूर्णपणे थांबलेले डोळ्यांनी दिसेपर्यंत यंत्र चालूच आहे असे समजावे.

याच यंत्रांवर ‘डबल स्ट्रोक’ नावाचा प्रकार घडतो. एकदा पेडल दाबल्यावर रॅमने एक फेरी पूर्ण करून वर थांबायला हवे, परंतु ब्रेक ढिला झाला, क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली, की रॅम न थांबता दुसऱ्यांदा खाली येतो. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरचा हात तयार जॉब काढायला डायमध्ये गेलेला असतो. हा बिघाड बहुतेक वेळा आधी इशारा देतो. रॅम वर गेल्यावर नेमक्या जागी न थांबता थोडा पुढे सरकतो, क्लचचा आवाज बदलतो, अधूनमधून रॅमला झटका बसतो. यांपैकी काहीही जाणवले तर हात मागे घ्या, यंत्र बंद करा आणि सेटरला बोलवा. ‘ती तशीच चालते’ असे ज्या प्रेसबद्दल सांगितले जाते, त्या प्रेसवर अजिबात काम करू नये, असे माझे ठाम मत आहे.

चौथी पायरी : शिफ्ट सुरू होताना प्रेस तपासून घ्या

ही तपासणी सेटरने किंवा सुपरवायझरने करायची असते. तुम्ही शेजारी उभे राहून ती पाहा आणि पुढे त्यांच्या देखरेखीखाली स्वतः करायला शिका. डायमध्ये काहीही न ठेवता प्रथम एकच बटण दाबून पाहावे. रॅम हलता कामा नये. मग दोन्ही बटणे एकाच वेळी दाबून धरावीत. एक स्ट्रोक पूर्ण होऊन रॅम वर थांबला पाहिजे आणि बटणे दाबलेली असूनही पुन्हा खाली येता कामा नये. लाइट कर्टन असेल तर रॅम खाली येत असताना किरणांच्या रेषेत एखादी लाकडी पट्टी धरून तो जागच्या जागी थांबतो का, ते पाहावे. हात घालून ही चाचणी कधीही करू नये. आपत्कालीन बटण दाबून पाहावे. पेडलची प्रेस असेल, तर वरून एखादा जॉब पडला तरी पेडल दाबले जाणार नाही असे झाकण त्यावर आहे का, हे बघावे.

दोन हातांची बटणे मुद्दाम लांब अंतरावर बसवलेली असतात, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात डायच्या बाहेरच राहतात. वेग वाढवण्यासाठी एका बटणावर चिकटपट्टी लावणे, त्यात नाणे किंवा लाकडाची चिप अडकवणे, हे प्रकार अनेक शॉपमध्ये दिसतात, आणि ते करणारा बहुधा अनुभवी माणूस असल्यामुळे नव्याला ती कामाची पद्धतच वाटते. असे बांधलेले बटण दिसले, तर तुमचा एक हात डायमध्ये असतानाही प्रेस चालू शकते, एवढाच त्याचा अर्थ आहे. एका प्रेसवर दोन माणसे काम करत असतील, तर दोघांनाही स्वतंत्र बटणांची जोडी हवी आणि चारही बटणे दाबल्याशिवाय रॅम हलता कामा नये. अन्यथा एकाच्या हातावर दुसऱ्याच्या बटणाने रॅम येतो.

पाचवी पायरी : डायमध्ये हात न घालता काम करा

कोरा तुकडा ठेवायला आणि तयार जॉब उचलायला चिमटा, चुंबकाची दांडी किंवा सक्शन कप मागून घ्या. चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा तशाच मऊ धातूचा असावा, कारण रॅमखाली सापडला तरी तो चेपला जातो, फुटून त्याचे तुकडे अंगावर उडत नाहीत आणि डायचेही फारसे नुकसान होत नाही. जॉब डायमध्ये वारंवार चिकटत असेल, तर तो तुमच्या कौशल्याचा दोष नसून डायचा किंवा तेलाचा प्रश्न असतो. डायमध्ये इजेक्टर, म्हणजे जॉब बाहेर ढकलणारी सोय, किंवा हवेचा झोत बसवून तो सुटतो.

अपघाताचा क्षण कसा येतो, तेही सांगायला हवे. शिफ्टचे शेवटचे दोन तास असतात, टार्गेटला थोडे जॉब कमी पडत असतात, हाताला लय सापडलेली असते. ठेवा, दाबा, काढा, अशी ती लय चालू असताना एक तुकडा डायमधील पिनवर तिरका बसतो. डोळ्यांना ते दिसते आणि डावा हात तो सरळ करायला पुढे जातो. त्याच वेळी उजवा हात किंवा पाय मात्र सवयीने पुढची हालचाल करून मोकळा झालेला असतो. येथे विचार करायला वेळच मिळत नाही, म्हणून ‘सावध राहा’ असे सांगून हा अपघात टळत नाही. गार्ड, दोन्ही बटणे आणि चिमटा यांनीच तो टळतो. तुम्ही स्वतःच्या पुरते एवढे करू शकता की तुकडा तिरका बसला, जॉब अडकला किंवा कोणी हाक मारली, तर प्रथम पाय पेडलवरून उचलून जमिनीवर ठेवायचा आणि दोन्ही हात छातीजवळ आणायचे, आणि मगच पुढे काय करायचे ते ठरवायचे. पहिले काही दिवस ही हालचाल मुद्दाम करत राहिल्यास ती अंगवळणी पडते.

डाय बदलणे, साफ करणे किंवा अडकलेला जॉब ठोकून काढणे ही कामे नव्या माणसाची नाहीत. ती सेटर करत असताना मदतीला उभे केले, तर मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावले आहे का, फ्लायव्हील थांबले आहे का आणि रॅमखाली आधाराचा सेफ्टी ब्लॉक ठेवला आहे का, हे पाहिल्याशिवाय हात पुढे करू नका. कुलपाची किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात असावी.

सहावी पायरी : इतर यंत्रांबाबत लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

प्रेसवर पत्र्याच्या कडा धारदार असतात म्हणून कापण्यापासून वाचवणारे हातमोजे घालावेत, परंतु ड्रिल, लेथ, मिलिंग अशा फिरत्या यंत्रांवर ते मुळीच घालू नयेत. मोज्याचा एक धागा गुंडाळला गेला तरी पूर्ण हात ओढला जातो. हाच नियम सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी, हातातील दोरा किंवा कडे आणि मोकळे केस यांना लागू आहे. श्रद्धेचा दोरा असेल तर कामाच्या वेळी तो सोडून ठेवावा. लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागात, चावी ठेवून हात बाजूला करू नये. लोखंडाचा कीस हाताने नव्हे, तर हुकाने किंवा ब्रशने ओढावा. ग्राइंडरचे चाक बसवताना त्यावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे पाहावे आणि नवे चाक सुरू केल्यावर पहिला मिनिटभर त्याच्या रेषेत उभे राहू नये. ग्राइंडिंग करताना गॉगल हवाच, साधा चष्मा त्याची जागा घेत नाही. शिफ्ट संपताना हवेच्या पाइपने कपडे झाडण्याची सवय सर्वत्र दिसते, पण तो दाब डोळा आणि कान दुखावू शकतो आणि त्वचेवरील जखमेतून हवा आत शिरू शकते.

टाकी, खड्डा किंवा सांडपाण्याच्या चेंबरमध्ये कोणी उतरून बेशुद्ध पडले, तर त्याला काढण्यासाठी स्वतः आत उडी घेऊ नका, मग तो जवळचा मित्र का असेना. आत विषारी वायू असतो किंवा प्राणवायू नसतो, आणि वाचवायला गेलेली माणसेही तेथेच मरतात. वरून हाका मारा, माणसे गोळा करा, अग्निशमन दलाला बोलवा.

सातवी पायरी : जे लगेच दुखत नाही त्याकडेही पाहा

प्रेस शॉपमधील आवाजाने होणारे नुकसान कोठेच टोचत नाही, म्हणून तरुण वयात त्याची कोणी फिकीर करत नाही. आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडील कारखाना नियमांत आहे. मोजायचे साधन हाती नसल्यास एक साधी खूण पुरेशी आहे: हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर कानांना संरक्षण हवे. शिफ्टनंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल, तर तो इशारा समजावा. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. इअर प्लग स्वच्छ हातांनी, बोटांत फिरवून बारीक करून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत बसवावा; नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काही उपयोगाचा नसतो.

वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास त्रास काही तासांनंतर, बहुधा रात्री, सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही तो होतो, म्हणून आडोशाचा पडदा मागावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येत असेल, तर तो धुराचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना आपण कोणते काम करतो हे अवश्य सांगावे.

रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास झोप अनावर होते आणि हात मंदावतात. लागोपाठ दुसरी शिफ्ट करायला सांगितल्यास प्रेसवरचे काम घेऊ नका. आठवड्याला ४८ तासांपुढील कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम मिळायला हवा, आणि अप्रेंटिसकडून तर अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर डुलक्या घेत खोलीवर जाण्यापेक्षा कंपनीच्या बसने जावे. घर ते कारखाना या प्रवासातील अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आल्यास, ईएसआयच्या संरक्षणात येतो.

आठवी पायरी : नकार देण्याचे शब्द तयार ठेवा

गार्ड काढलेल्या प्रेसवर ‘आजच्या दिवस चालव’ असे सांगितले जाते, तेव्हा नव्या मुलाला नाही म्हणणे जड जाते. म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवावे. ‘साहेब, मी काम करायला तयार आहे, गार्ड बसवून द्या, लगेच सुरू करतो, तोपर्यंत दुसऱ्या लाइनवर लावा,’ असे म्हटले तर त्यात अवज्ञा नाही आणि कामचुकारपणाही नाही. शेजारचे जुने काका ‘आम्ही वीस वर्षे अशीच चालवली’ असे म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. ‘काका, तुमचा हात बसलाय, माझा नाही, मला गार्ड लावूनच शिकवा,’ असे म्हणा. अनेक जुने कामगार अशा विनंतीने विरघळतात आणि मग खरोखरच मनापासून शिकवतात.

तरीही दबाव आला, तर आपल्या तक्रारीचा मागमूस राहील असे करा. सुपरवायझरला मोबाइलवर संदेश पाठवा: तारीख, शिफ्ट, प्रेस क्रमांक आणि काय बिघाड आहे, एवढेच. कारखान्यात सुरक्षा समिती असेल तर तिच्यातील कामगार प्रतिनिधी कोण आहे ते शोधा. जीवाला किंवा शरीराला तातडीचा धोका दिसत असेल, तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा कामगाराला कायद्याने हक्क आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. तक्रार एकट्याने करण्यापेक्षा लाइनवरील चार-पाच जणांनी मिळून करणे अधिक सुरक्षित असते.

नववी पायरी : बोट तुटले तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे

प्रथम यंत्र बंद करा. हात अडकलेला असेल, तर प्रेस उलटी फिरवण्याचा प्रयत्न सेटरशिवाय कोणीही करू नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीपेक्षा वर ठेवा आणि जखमी माणसाला आडवे करा. हळद, चहा पावडर, ग्रीस असे काहीही जखमेवर लावू नका.

तुटलेला भाग शोधणे हे दुसऱ्या माणसाचे काम आहे. तो डायमध्ये, स्क्रॅपच्या बिनमध्ये किंवा मोज्यातच असू शकतो. तो स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये, कारण त्याने पेशी मरतात आणि जोडण्याची शक्यता जाते. ही पिशवी जखमी माणसाच्या सोबतच गेली पाहिजे. १०८ वर रुग्णवाहिका मागवा आणि फोनवरच सांगा की बोट तुटले आहे, सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय हवे. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया सुरू होणे चांगले, म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेऊ, मग पाहू, असा वेळ घालवू नये. जखमी माणसाला काही खायला-प्यायला देऊ नका, त्याला भूल द्यावी लागणार असते.

रसायन डोळ्यांत उडाल्यास डोळा उघडा धरून किमान पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मगच रुग्णालयात न्यावे. विजेचा धक्का बसलेल्याला मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट लावू नये.

दहावी पायरी : अपघातानंतरचे कागद त्याच आठवड्यात गोळा करा

रुग्णालयात ‘घरी पडलो’ किंवा ‘गाडीवरून पडलो’ असे लिहून घेण्याचा आग्रह कधीकधी ठेकेदाराचा माणूस करतो. सगळा खर्च आम्हीच करू, असेही तो सांगतो. हे कधीही मान्य करू नका. डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीत ‘कारखान्यात, प्रेसवर काम करताना’ असे लिहिलेले असणे हा पुढील सर्व लाभांचा पाया आहे. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का आणि ईएसआयकडे अपघाताचा अहवाल गेला का, हे घरच्यांनी विचारावे व त्याची प्रत मागावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. शुद्धीवर नसलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसाचा अंगठा घेतला जात असेल, तर सोबतच्या मित्राने तो थांबवावा.

ईएसआय असलेल्याला उपचार मोफत मिळतात आणि काम करता येत नाही त्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो. कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते आणि त्यानुसार दरमहा रक्कम सुरू होते. कायद्याच्या परिशिष्टात यासाठी आकडे दिले आहेत: अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. ईएसआय लागू नसेल तर कायद्यातील नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली मालकाकडून एकरकमी भरपाई मागता येते, आणि ठेकेदाराने हात वर केले तरी ज्या कंपनीच्या आवारात तिचेच काम करताना इजा झाली, त्या कंपनीकडेही ती मागता येते. कामगार संघटना, कामगारांसाठी काम करणारे वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे अर्ज लिहिण्यासाठी मदत मिळते. जाताना नियुक्तीपत्र, पगाराची पावती किंवा बँकेतील नोंद, ओळखपत्र, विमा क्रमांक, रुग्णालयाचे सर्व कागद आणि अपघाताच्या वेळी शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावे व फोन क्रमांक एका फाइलमध्ये सोबत न्यावेत, आणि मूळ कागद कोणाच्याही हाती न देता फक्त त्यांच्या प्रती द्याव्यात.